क्विंटलमागे नऊ किलो

१

“म्हाळू, एक. सटवा, दोन. अर्जुन, तीन.”

दसरा सरला की चकलांब्याच्या वेशीत ट्रक यायचा आणि मुकादम उसाला निघालेल्यांची नावं पुकारायचा. आवाज घोगरा, पण त्याला मोटेवरच्या गाण्यासारखी ओढ होती. बाभळीवरचे होले दचकून उडायचे, परत येऊन बसायचे. अर्जुन म्हणजे उत्तरेश्वरचे वडील. नाव आलं की ते “हाय जी” म्हणायचे आणि सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढायचं. सात वर्षांचा उत्तरेश्वर त्या पुकाऱ्यावरच आकडे शिकला.

पुढे आकडेच त्याची भाकरी झाले. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तो लहान उद्योगांचा अभ्यास करायचा. प्रश्न साधा होता, उत्तर मात्र चकवणारं. दोन गिरण्या, यंत्र एकच, माल एकाच बाजारातला. मग एकीतून जास्त का निघतं? नवी हिकमत एकीलाच कुठून सुचते?

चारा छावण्या उघडल्या त्या दुष्काळी सालात, एका रविवारी सकाळी त्याला नेकनूरकडून फोन आला. डाळगिरणीचे चेअरमन भगवानराव बोलत होते.

“साहेब, तुमच्या पुस्तकात आमची गिरणी पहिली आली ना? मग या आता बघायला. पहिल्या नंबरच्या गिरणीत चोर निघालाय.”

२

गिरणी नेकनूरपासून कोसभर. सहा वर्षांमागं ऊसतोड सोडून आलेल्या माणसांनी शेअर गोळा करून सहकारी संस्था काढली, आणि त्यांचे जुने मुकादम भगवानराव तिचे चेअरमन झाले. गेल्या हंगामात उत्तरेश्वरनं जिल्ह्यातल्या बारा डाळगिरण्या तपासल्या, त्यात ही दोन गोष्टींत पहिली आली. एक, माणशी उत्पादन इतरांच्या दुप्पट. दोन, उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीतून निघणारी डाळ. बाकीच्यांचा एकाहत्तर, हिचा शहात्तर. अहवाल छापून आला, दिवाळीत सत्कार झाला. मशीन चालवणाऱ्या धोंडीराम मिस्त्रीच्या खांद्यावर कुशल कारागीर म्हणून शाल पडली.

“आन् औंदा बघा,” भगवानराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या नव्हत्या, दुखावलेपण होतं. “उतारा सदुसष्टावर आला. क्विंटलमागं नऊ किलो डाळ गायब.”

“दुष्काळाची तूर आहे. दाणा बारीक.”

“त्यो सगळ्यांचाच बारीक! सिरसाळ्याच्या गिरणीला इचारलं मी. त्यांची सत्तर पडती. आमचीच कावून खाली जावी?”

उत्तरेश्वर थबकला. हाच प्रश्न त्यानंही विचारला असता. सगळीकडे एकानं घट आणि इथं नवानं. दुष्काळानं एक नेला असेल. बाकीचे आठ कुणी नेले?

“संशय कुणावर आहे?”

“गोदामाची किल्ली धोंडीरामापाशी. वजनकाटा सेक्रेटरी बबनरावांच्या हातात. आन् गोदामाच्या मागच्या भिंतीला भिंत लावून आश्रुबाचं हाटेल. तिघंच.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “पर धोंडीराम रोज संध्याकाळी खिशात काहीतरी घालून घरी जातो. बबनरावांनी डोळ्यानं बघितलंय. गुरुवारी सभा हाय. ठराव झाला की धोंडीराम चौकीत.”

हातात चार दिवस होते.

३

बबनरावांनी चष्म्याची दोरी मानेमागे टाकली आणि काट्यापुढं छाती काढून उभे राहिले. “तपासा. माझ्या इमानाचं वजन करा.”

उत्तरेश्वरनं बांधकामावरचं सिमेंटचं बंद पोतं आणवलं. काटा पन्नासावर थांबला. दुसरं ठेवलं. शंभर. काटा निर्दोष होता.

“डाळीचं वजन तुम्हीच करता. आणि चुनीचं?” चुनी म्हणजे डाळ निघाल्यावर उरणारं टरफल आणि भुसा.

“तिचं काय वजन करायचं? टोपल्यानं छावणीला देतो. जनावरांच्या तोंडी जातं, पुण्य लागतं.”

“धोंडीराममामांच्या खिशात काय असतं?”

“तूर. मूठभर. पर मूठमूठ करून पोतं भरतंच की.”

भरत नाही, उत्तरेश्वरच्या मनात आलं. हंगामाच्या साठ दिवसांच्या साठ मुठी, फार तर चार-पाच किलो. गिरणीत रोज दहा क्विंटल तूर पडत होती, म्हणजे रोज नव्वद किलो डाळ नाहीशी होत होती. पण मग एक प्रौढ माणूस रोज एकच मूठ का नेतो? तीही डाळ नाही, तूर. चोराला इतकी कमी भूक कशी?

हॉटेलात आश्रुबा कढईत भजी सोडत होता.

“या साहेब. भिंत बघायची ना? बघा. भोक सापडलं तर मला बी दावा, वारा तरी येईल.”

भिंत सलग होती. शेणाचा जुना पोतेरा कुठं उकललेला नव्हता.

“दोन म्हैन्यांत पन्नास किलोची शंभरावर पोती गेली म्हनत्यात,” आश्रुबानं झाऱ्या हलवला. “एवढ्याशा हाटेलात शंभर पोती ठिऊ कुठं? गिऱ्हाइकाच्या डोक्यावर? मला तर गिरणीनं उलटा दणका दिला. पयले सकाळी बारा कप चहा आत जायचा. दिवाळीपासून सहाच.”

“बारा?”

“बारा. मीच नेत हुतो की.”

उत्तरेश्वरनं कपबशी खाली ठेवली. गेल्या वर्षीच्या अहवालात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: कामगार, सहा.

४

धोंडीराम मशीनच्या पट्ट्याला मेण लावत होता. पन्नाशीचा, काटक, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं.

“मामा, गुरुवारी तुम्हाला चौकीत नेणार आहेत.”

“ऐकलं.”

“तूर कुणासाठी नेता?”

पट्ट्यावरचा हात क्षणभर थांबला. “किल्ली माझ्यापाशी हाय. डाळ कमी हाय. चोर म्हना. मी कुठं न्हाई म्हनलं?”

“पण तुम्ही चोरी केली नाही.”

“मग झालं तर.” त्यानं पाठ फिरवली.

जो माणूस चोरी कबूल करत नाही आणि नाकारतही नाही, तो चोरीपेक्षा मोठं काहीतरी झाकत असतो. उत्तरेश्वर बाहेर आला. खळ्यावर तूर उन्हात पसरलेली होती. मार्चचं ऊन; बोट टेकवलं तर चटका बसत होता. कडेला पाठीवरचा फवारणी पंप टांगलेला, कोरा करकरीत. सत्काराच्या वेळी भेट आलेला. आणि कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली गोणपाटं, वीस-पंचवीस. त्यानं एक उलगडलं. एका बाजूला तेलाचा डाग, दुसऱ्या बाजूला पाणी वाळल्याच्या पांढऱ्या कडा. वर धुळीचा जाड थर. काही महिने त्यांना कुणी हात लावला नव्हता.

छावणीच्या वाटेवर शेळ्यांचा कळप आडवा आला. मागं काठी घेऊन साखराबाई. गिरणीतून चुनीची टोपली उचलून निघालेली.

“म्हातारे, दुष्काळात तुझ्या शेळ्या एवढ्या गुबगुबीत कशा?”

“म्हातारी तुझी सासू!” साखराबाई हसली. “चुनीची किमया हाय, बाबा. गेल्या साली निसतं टरफल मिळायचं, शेळ्या तोंड फिरवायच्या. औंदा वास आला तरी दावं तोडत्यात. दूध बघ, बोटाला चिकटतंय.”

उत्तरेश्वरनं चिमूटभर चुनी तोंडात टाकली. टरफलाचा तुरटपणा आला, आणि त्याच्यामागून हळूच गोडी. डाळीची.

“मावशी, सूप आहे का?”

साखराबाईनं दहा किलो चुनी वाऱ्यावर पाखडली. मनगटाच्या झोकानं टरफल उडत गेलं, सूप जड होत गेलं. उत्तरेश्वर बघत राहिला. सुपात पिवळी कणी उरली होती. डाळीचा चुरा.

नव्वद किलोंचा चोर सापडला होता. त्याला शिंगं होती आणि तो आत्ता बाभळीच्या शेंगा ओरबाडत होता.

५

म्हणजे डाळ गिरणीतून चोरीला गेलीच नव्हती. ती फुटून चुनीत मिसळली आणि छावणीला गेली. पण डाळ फुटते केव्हा? टरफल नीट सुटलं नाही तर. तुरीला तेल लावतात, ढीग मुरवतात, उन्हात टाकतात. दाणा आतून सैल झाला तर टरफल अलगद निघतं, नाहीतर दगडाखाली डाळीचाच भुगा होतो.

मशीन तेच. मिस्त्री तोच. तेल, तूर, सगळं तेच. मग बदललं काय?

बुधवारी सकाळी तो गिरणीच्या कार्यालयात भिंतीवरचा हजेरीचा फळा बघत उभा होता. भगवानराव रोजच्यासारखे पुकारत होते. “धोंडीराम, एक. उत्रेश्वर पाटोळे, दोन...”

आपल्याच नावाचा दुसरा माणूस ऐकून त्याला हसू आलं, आणि ते ओठांवरच विझलं. कुठं तरी बाभळीवरचे होले उडाले. “अर्जुन, तीन.” वडील “हाय जी” म्हणत. पण ट्रकमध्ये चढायचं कोण? वडील, आणि डोक्यावर पेटी, कडेवर धाकटी, कमरेला कोयता खोचलेली आई. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक नग. पुकारायचं नाव पुरुषाचं. आईचं नाव पुकारलेलं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, आणि आजवर त्याला ते खटकलंही नव्हतं.

मुकादमाचा चेअरमन झाला, टोळीची संस्था झाली, मोजायची रीत मात्र तीच राहिली. सहा नावं. बारा माणसं. बारा कप.

आणि तो स्वतः? गेल्या वर्षी खळ्यावर सहा बायका त्यानं पाहिल्या होत्या. भाकरी घेऊन आल्या असतील, असं समजून तो आत मशीन बघायला गेला होता.

६

धोंडीरामचं घर तांड्याच्या वाटेला. दारात त्याची बायको छबुबाई तांदूळ निवडत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती:

उन्हाच्या गं दारी बाई
नको धाडू लेकराला
आधी वल्या पदरानं
पूस त्याच्या कपाळाला

उत्तरेश्वर उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तिच्यामागे कोनाड्यात पुरचुंड्यांची ओळ होती. चिंध्यांत बांधलेल्या तुरीच्या मुठी, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

“मामी, लेकरू म्हणजे तूर ना? आणि ओला पदर म्हणजे गोणपाट.”

छबुबाईनं पदर सावरला. कोनाड्याकडं बघत म्हणाली, “दुष्काळाचा दाना तहानलेला आसतो. तेल लावून तसाच उन्हात टाकला की वरून करपतो, आतून घट्ट ऱ्हातो. ढिगावर वलं गोणपाट टाकायचं. घामेजला की मंग ऊन.”

“कळतं कसं? घामेजल्याचं?”

“दातात धरायचा. टच वाजला तर कच्चा. मऊ दबून मंग वाजला, तर झाला.” ती हसली. “ल्हानपणी जात्यावर बसून शिकले. पानी बी कमी लागतं. टँकरचं पानी, जपायला नको?”

पंप घेतलेल्या पुरुषांना हे माहीत नव्हतं. ते मोजून पाणी मारत होते, रोज सारखंच, घड्याळ लावून.

“मग गिरणीत जाणं का सोडलं?”

“मी सोडलं?” छबुबाईच्या डोळ्यांत पहिल्यांदाच धार आली. “दिवाळीत म्हनले, पुस्तकात सहा लिवलंय, आन् पाहुने बघायला येनार. बारा दिसले तर गिरणी खोटी पडंल. आमा सहा जनींना घरी बसवलं. तुमच्याच पुस्तकानं आमाला बाहेर काढलं, बाबा.”

चार दिवस उत्तरेश्वर ज्या माणसाचा माग काढत होता, त्याचे ठसे उत्तरेश्वरच्या स्वतःच्याच चपलेचे निघाले होते.

“मामा रोज मूठ आणतात ती तुम्हाला दाखवायला.”

“हां. मी दातात धरून सांगते. पर तवर रात सरती. दुसऱ्या दिवशीचा ढीग येगळा आसतो. मूठभर दाण्यावरून ढिगाचं मन कळतंय व्हय?”

“हे सभेत सांगा मामी. मामा सुटतील.”

“न्हाई.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “त्यांना शाल मिळाली, गावानं मिस्त्री म्हनलं. उसात उभा जल्म मान खाली घालून गेला त्यांचा. आता कुठं वर झाली. ती मी माझ्या हातानं खाली घालू? ते बोलले तर बोलतील. तुमी बी बोलायचं न्हाई. आईची आन हाय तुमाला.”

त्यानं आण घेतली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की धोंडीरामला वाचवायची एकुलती एक वाट त्यानं नुकतीच बंद केली होती.

७

गुरुवारी सभा खळ्यावर भरली. सभासद सतरंजीवर बसले. बायका सभासद नव्हत्या. त्या फाटकाच्या बाहेर, कडुनिंबाखाली.

उत्तरेश्वरनं साखराबाईकडून पाखडलेली कणी सगळ्यांसमोर काट्यावर ठेवली. “चोरी झालेली नाही. डाळ फुटली आणि चुनीत गेली. तुम्ही टोपल्या मोजल्या नाहीत, म्हणून दिसलं नाही.”

“म्हंजे चोर शेळ्या!” आश्रुबा ओरडला. “घाला बे त्यांना चौकीत!”

हशा पिकला. भगवानराव हसले नाहीत.

“ह्ये तर चोरीपरीस वाईट,” ते सावकाश म्हणाले. “सिरसाळ्याचा व्यापारी धोंडीरामाला त्याच्या गिरणीत बोलावतोय, हे सगळ्यांना ठावं हाय. कारागीर हुशार. गेल्या साली शहात्तर काढनारा माणूस औंदा सदुसष्ट काढतो? हात तोच हाय. मग ह्यानं जानूनबुजून डाळ फोडली. आपली गिरणी बुडवायला. धोंडीराम, तुला संस्थेतून काढावं का नको?”

धोंडीराम जमिनीकडं बघत होता.

“आधी माझी चूक ऐका,” उत्तरेश्वर म्हणाला. “मी अहवालात सहा माणसं लिहिली. होती बारा. बारानं भागलं तर माणशी उत्पादनात ही गिरणी इतरांसारखीच आहे. तो पहिला नंबर खोटा होता आणि तो मी दिला. पण उतारा खरा होता. सहा जणी गेल्या आणि त्यांच्यामागं उतारा गेला. दिवाळीनंतर गिरणीत एवढंच बदललं. चेअरमनसाहेब, बाराही गिरण्यांत याहून सरळ पुरावा मला मिळाला नाही.”

फाटकाबाहेरच्या बायका पुढं सरकल्या.

“बाया काय करायच्या हो?” भगवानरावांना खरोखरच कळत नव्हतं. “पानी शिपडायच्या, तूर पसरायच्या. ते पंप बी करतो. हुन्नर मिस्त्रीचा. का आनखी काई हाय? तुमाला म्हाईत आसंल तर सांगा.”

उत्तरेश्वरनं तोंड उघडलं आणि मिटलं. आण त्याच्या जिभेवर दगडासारखी बसली होती. त्यानं फक्त धोंडीरामकडं पाहिलं.

“बघा, साहेबाला बी सांगता येईना,” बबनराव म्हणाले. “आन् ती रोजची मूठ? तीही सिरसाळ्याला नमुना म्हनून जात आसंल.”

“काढा त्याला!” कुणीतरी मागून म्हणालं. एक हात वर झाला. मग दुसरा, तिसरा.

धोंडीराम उठला. गुडघ्यावर हात टेकून, ओझं उचलताना उठतात तसा. फाटकाकडं पाहिलं, छबुबाईनं मानेनं ‘नको’ म्हटलेलं साऱ्यांना दिसलं. त्यानं नजर परत सभेकडं वळवली.

“मला मिशन चालवता येती,” तो म्हणाला. आवाज आधी फुटलाच नाही, म्हणून त्यानं परत सांगितलं. “मिशन चालवता येती. दाना वळखता येत न्हाई. गेल्या साली बी येत न्हवता. सा वर्सं ही ढिगापशी बसायची, दाना दातात धरायची, आन् मान हलवली की मी खटका दाबायचो. मूठ मी हिच्यासाठी नेत हुतो. सत्काराच्या दिशी सांगावं म्हनलं, पर टाळ्या वाजल्या आन् जीभ उचललीच न्हाई. चोर म्हनले तरी गप बसलो, का तर चोराला निदान अक्कल हाय म्हनतात. आता ऐका. काढायचं तर काढा मला. पर जिला येत हुतं तिला काढायला नको हुतं. तिला तुमी दिवाळीलाच काढलंय.”